खिळ्यावरचा गॉगल

सकाळी चहा अजून का आला नाही हे पाहायला शालिग्राम इंगळेने मान वळवली, तर मान काही वळली नाही. बाकीचा शालिग्राम वळला. खुर्चीसकट वळला तेव्हा कुठे त्याला स्वयंपाकघराचं दार दिसलं. आदल्या दिवशी गावातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामाचं लोखंडी फाटक त्याने एकट्याने उचलून बिजागरीवर चढवलं होतं. चार माणसांचं काम एकट्याने केलं की धामणगाव बढ्यात नाव होतं. मानेचं काय होतं ते कोणी आधी सांगत नाही.

शेक झाला, तेल झालं, भेटेल त्याने आपापला उपाय सांगून झाला. मान तशीच. रस्त्यात कोणी हाक मारली की शालिग्राम सगळाच्या सगळा फिरायचा, आणि हाक मारणाऱ्याला वाटायचं, हा भांडायला आला. तेवढ्यावरही भागलं असतं. पण उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या आणि वेल्डिंगची रेघ वाकडीतिकडी पडायला लागली, तेव्हा मात्र त्याचं धाबं दणाणलं. हात गेला तर वेल्डर कसला राहिला? बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मान चाचपली, बोटांना टाचणी टोचून पाहिली आणि एमआरआय काढून आणायला सांगितलं.

आता इथे त्याच्या दुकानातला एक खिळा आणि त्या खिळ्यावरचा गॉगल यांची हकिगत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

बसस्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये शालिग्रामचं फॅब्रिकेशनचं दुकान. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, पलंग, कोंबड्यांची खुराडी, म्हणाल ते. गॉगल आणला होता त्याच्या बायकोने, कोकिळाने, मलकापूरच्या बाजारातून. शेजारच्या गावातल्या एका वेल्डरचा डोळा ठिणगीने गेला हे कानावर आल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. नुसता गॉगल देऊन गप्प बसणारी बाई ती नव्हे. तिने नवऱ्याला मारुतीच्या देवळात नेलं, गाभाऱ्याच्या जाळीवर हात ठेवायला लावला आणि ग्राइंडर हातात आलं की गॉगल डोळ्यावर, अशी शपथ घ्यायला लावली. वर स्वतःची अट घातली.

"ज्या दिवशी तुमच्या डोळ्यात कण गेला असं मले समजलं, त्या दिवशी दुकानाले कुलूप. मंग दादाच्या वावरात जा वांगे तोडाले."

हा दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ उत्तमराव. मोताळ्याच्या रस्त्याला त्याचं वांग्याचं वावर होतं आणि डोक्यातही वांगीच होती. कोणाच्या तेराव्याला गेला तरी तो शेंडेअळीवर बोलून यायचा. शालिग्रामला ऊन चाललं असतं, चिखल चालला असता, कंबर मोडेपर्यंत वांगी तोडणंही चाललं असतं. पण दिवसभर उत्तमरावाच्या तोंडून वांगेपुराण ऐकायचं, हे मात्र चालणार नव्हतं. त्यापेक्षा डोळ्यात पार पहार गेली तरी कबूल करायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शपथ त्याने पाळली का, तर नाही. गॉगल लावला की त्याला सगळं जग धुक्यात गेल्यासारखं दिसायचं. शिवाय त्याच्या मते शपथ निम्मीच लागू होती. हात काही मारुतीवर नव्हता, जाळीवर होता, आणि जाळी त्याने स्वतःच बनवलेली होती. कोकिळाची चहा घेऊन यायची वेळ ठरलेली, तेवढ्यापुरता गॉगल खिळ्यावरून डोळ्यावर यायचा. एरवी एक डोळा मिटायचा, दुसरा अर्धा उघडा ठेवायचा आणि तोंड फिरवायचं, ही उस्तादाची शिकवण. शेडच्या पत्र्याला एका बाजूला फट होती, ग्राइंडरच्या ठिणग्या बरोबर त्या फटीकडे उडवायच्या, म्हणजे दुकानात कचरा होत नाही. एवढी अक्कल असलेल्या माणसाला गॉगल कशाला लागतो, असं त्याचं म्हणणं.

तरी कण जायचेच. डोळा टोचायला लागला की शालिग्राम मागच्या गल्लीने पंचफुलाबाईकडे जायचा. पंचफुलाबाई जिभेच्या शेंड्याने डोळ्यातला कण काढायची. तिच्या सासूने ही विद्या तिला दिली होती. कण निघाला की ती तो बोटावर घेऊन उजेडात पाहायची आणि पैसे नको म्हणायची. मग हळूच म्हणायची की न्हाणीला दार नाही. अशी करता करता तिच्या घरात न्हाणीचं दार, तुळशीला कठडा, खुराडं आणि घरात बाळ नसताना पाळण्याचा स्टँड एवढं सगळं झालं होतं. मात्र बाई पोटाची पक्की. "माह्या तोंडातून कण भाईर येते," ती म्हणायची, "बात येत नाही." एकदा तिने भाकरीबरोबर लिंबाचं लोणचं वाढलं. शालिग्रामने बोटं चाटली आणि अगदी आपल्या घरच्यासारखं झालंय म्हणून तारीफ केली. पंचफुलाबाईने त्यावर एकदम कोंबड्यांना दाणे टाकायला घेतले.

तर एमआरआयचं ठरलं आणि बुलढाण्याला न्यायला पिकअप घेऊन येणार कोण, तर उत्तमराव. आदल्या दिवशीच तो घरी येऊन बसला. त्याच्या शेजाऱ्याचा गुडघा नुकताच त्या मशीनमधून निघाला होता, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक होतं.

"जवाई, ते मशीन म्हंजे काय समजले तुमी? चुंबक हाये. खोलीएवढं चुंबक. लोखंडाचं सिलिंडर जवळ नेलं त उडत जाऊन चिपकते."

शालिग्रामने कसंनुसं हसून विचारलं की माणसाला काय होतं.

"माणसाले काय होते? वांग्याले काय होते, तसंच. काई नाही. फक्त आंगात कुठी लोखंड नाही पाह्यजे. असलं त तिथून ओढून घेते म्हंते."

झालं. शालिग्रामच्या डोक्यात किडा शिरला. पंचफुलाबाईने आजवर जेवढे कण काढले तेवढेच गेले होते, याची काय गॅरंटी? एखादा आत दडून बसला असेल तर? त्या मशीनमध्ये आपण आडवे पडलो आहोत आणि आपले दोन्ही डोळे बुचासारखे उडून छताला चिकटले आहेत, असं त्याला दिसायला लागलं. त्यात कोकिळाही सोबत असणार. म्हणजे डोळे छताला आणि बाकीचा शालिग्राम वांग्याच्या वावरात.

सकाळी तो गुपचूप दुकानात गेला. जुन्या लाउडस्पीकरमधलं एक वाटोळं, जाड चुंबक त्याच्याकडे होतं, सांडलेले खिळे गोळा करायला बरं पडायचं. मोठं चुंबक मोठा कण ओढतं तर छोटं चुंबक छोटा ओढेल, असा सरळ हिशोब त्याने केला. चुंबक पुसलं, उजवा डोळा दोन बोटांनी ताणून उघडला आणि चुंबक बुबुळासमोर धरून तो आतून काही निघतंय का याची वाट पाहत उभा राहिला.

"हे काय करून राह्यले?"

कोकिळा दारात. ही काही चहाची वेळ नव्हती. शालिग्रामने चुंबक झटकन मानेकडे नेलं.

"शेक देऊन राह्यलो. चुंबकाचा. मानेले."

"मान डोळ्यात हाये काय तुमची?"

"नस तिथून जाते ना."

कोकिळाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग चुंबकाकडे पाहिलं, आणि नवरा एकदाचा स्वतःच्या तब्येतीची काळजी घ्यायला लागला म्हणून तिला भरून आलं. तिने भावाला विचारलं. उत्तमरावाने लगेच सांगितलं की चुंबकाने रक्त पातळ होतं, त्याने स्वतः ऐकलंय. मग काय, तिने ते चुंबक जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलं, नवऱ्याच्या मानेवर ठेवून समोर घट्ट गाठ मारली आणि रिपोर्ट येईपर्यंत सोडायचं नाही अशी तंबी दिली. खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं गळ्यात बांधून फिरावं लागतं म्हणतात. शालिग्रामच्या बाबतीत ते अक्षरशः झालं.

पिकअपमध्ये मागे वांग्यांचे क्रेट, पुढे तिघं दाटीवाटीने. दाराकडेला शालिग्राम. मोताळा गेलं, राजूरचा घाट लागला आणि पहिल्याच वळणावर तो दाराच्या बाजूला कलला. टक्कन आवाज झाला. चुंबक दाराच्या लोखंडी खांबाला चिकटलं आणि त्याबरोबर मानही. पुढच्या वळणावर गाडी उलट्या बाजूला झुकली, पण शालिग्राम झुकला नाही. कोकिळाने त्याचा दंड धरून ओढला, उत्तमरावाने एका हाताने स्टिअरिंग सांभाळत वांग्याचं देठ कसं तोडावं याची तऱ्हा सांगितली, आणि शालिग्राम घाटभर खांबाला चिकटून दरीकडे पाहत राहिला. बुलढाणा आल्यावर गाडी थांबवूनच त्याला सोडवावा लागला.

सेंटरवर अनुपमा नावाची मुलगी मशीन चालवायची. गोड बोलायची, पण नजर तिची तिखट. तिने शालिग्रामच्या अंगावरून एक काळी दांडी फिरवायला घेतली. धातू दिसला की ती दांडी ओरडते. शालिग्रामच्या जवळ येण्याआधीच ती ओरडायला लागली. अनुपमाने दुपट्ट्याची गाठ सोडली आणि आतलं चुंबक काढून त्याच्यासमोर धरलं.

"काका, हे बांधून तुम्ही आत जाणार होतात?"

"रक्त पातळ होते," उत्तमराव मागून म्हणाला.

मग खिसे झाले. एकातून ड्रिलचं पातं, नट आणि वॉशर निघाले, दुसऱ्यातून वेल्डिंगच्या काडीचं थोटूक आणि एक बिजागरी, जी शालिग्राम गेल्या आठवड्यापासून शोधत होता. तरी कमरेशी दांडी ओरडतच होती. तिथे करदोड्याला दुकानाची किल्ली. अनुपमाने करदोडा काढायला सांगताच कोकिळा आडवी आली. जित्या माणसाचा करदोडा काढत नाहीत, असं तिने ठणकावलं. शेवटी किल्ली सुटली, करदोडा राहिला आणि दांडी एकदाची गप्प झाली. शालिग्रामला वाटलं, सुटलो.

"आता सांगा," अनुपमा म्हणाली, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"नाही," शालिग्राम म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की अनुपमाने वर पाहिलं. तिने त्याचे हात पाहिले, मनगटांवरचे ठिणग्यांचे डाग पाहिले आणि कामधंदा विचारला. मग तिने पुन्हा तोच प्रश्न टाकला. या वेळी उत्तर कोकिळाने दिलं, तेही छाती पुढे काढून.

"गॉगल लावतात ते. मारुतीची शपथ हाये."

"लावत असतील, काकू. पण लोखंडात काम करणाऱ्यांना आम्ही परत परत विचारतो. कण राईपेक्षा बारीक असला तरी आत गेल्यावर तो हलतो. डोळा जाऊ शकतो. आधी सांगितलं तर साधा एक्स-रे काढून बघता येतं. लपवलं तर मग माझ्या हातात काही नाही."

शालिग्राम कात्रीत सापडला. इकडे डोळा, तिकडे वांगी. एक्स-रे काढा म्हणावं तर का काढा हे सांगावं लागणार, आणि कोकिळा तर पाठीशीच उभी. शेवटी त्याने घशाला कोरड पडल्याचं सांगून तिला भावासोबत पाणी आणायला पाठवलं. चपलांचा आवाज दाराकडे गेला. मान वळत असती तर त्याने मागे वळून खात्री केली असती. पण मान वळत नव्हती, म्हणून त्याने कानांवर भरवसा ठेवला आणि पुढे झुकून आवाज बारीक केला.

"बाई, गेल्ता. एकदा नाही, लय वेळा. गॉगल म्या लावतच नाही. बायको आली का तेवढा लावतो. गावात पंचफुलाबाई हाये, ते जिभेनं काढते. तिची न्हाणी, खुराडं, पाळणा, सगळं माह्या डोळ्यावर झालं. पन हे माह्या बायकोले समजलं नाही पाह्यजे. ते दुकान बंद करीन."

अनुपमाची नजर त्याच्यावर नव्हती. ती शालिग्रामच्या खांद्यावरून मागे पाहत होती. शालिग्रामला ते पाहणं आवडलं नाही. तो हळूहळू, सगळाच्या सगळा, मागे वळला.

पाण्याचं मशीन दाराशेजारीच होतं. कोकिळा भरलेली बाटली हातात धरून उभी होती आणि तिच्या मागे उत्तमराव असा खुशीत होता की जणू वांग्याला भाव आला.

कोकिळा ओरडली नाही. ओरडली असती तर शालिग्रामला बरं वाटलं असतं. तिने बाटली त्याच्या हातात दिली आणि भावाला विचारलं, "दादा, तुले वावरात माणूस पाह्यजे होता ना?" उत्तमरावाने उद्याच पाहिजे म्हणून सांगितलं.

डोळ्यांचा एक्स-रे निघाला. दोन्ही डोळे स्वच्छ. शालिग्रामच्या डोळ्यात एक कणही नव्हता, म्हणजे कबूल केलं नसतं तरी चाललं असतं. हे कळल्यावर त्याला जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही. अनुपमाने मात्र सांगितलं म्हणून बरं केलंत, असं म्हणून कपडे बदलायला दिले. खुर्चीवर बसून तो मशीनच्या खोलीच्या दाराकडे पाहायला लागला. आतून ठकठक आवाज येत होता, कोणीतरी पत्रा ठोकावा तसा. ग्राइंडरला न भिणारा गडी, पण मशीनच्या अरुंद बोगद्यात एकट्याने शिरायला तो धजेना. कोणी सोबत बसलं तर चालेल का, असं त्याने विचारलं. एकजण बसू शकतो, असं अनुपमाने सांगितलं.

कोकिळा रागावलेली होती, पण नवरा तिचाच होता. ती उठली. "मी बसते," ती म्हणाली.

"मग काकू, तुम्हालाही विचारावं लागेल," अनुपमा म्हणाली. "डोळ्यात कधी लोखंडाचा कण?"

"मले? मी काय लोखंडात काम करते? मी सैपाक करते." एवढं बोलून ती थांबली. अनुपमा नुसती पाहत राहिली. कोकिळाने पदर सारखा केला, मग परत सारखा केला. मग ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी जरा तिकडं जाऊन बसा. मले बाईशी बोलाचं हाये."

शालिग्राम उठून चार पावलं लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला. तो वळून पाहू शकत नाही हे कोकिळाला पक्कं ठाऊक होतं. पण आखडली होती ती मान. कान शाबूत होते.

"गेल्ता, बाई," ती हळूच म्हणाली. "हे गॉगल लावतात का नाही, मले भरोसा नव्हता. चहाच्या टायमाले त लावत. म्हून मधातच जायची अन् पत्र्याच्या फटीतून पाहायची. जवा जवा डोळा लावला, तवा तवा ठिणगी आली. गॉगल लावला का नाही, ते एकदाबी दिसलं नाही."

"मग? काढला कसा?"

"पंचफुलाबाईनं. मी तिले लोनचं देत जायची. पन मांगच्या आठवड्यातला निघालाच नाही. अजून टोचून राह्यला."

पाठमोऱ्या शालिग्रामच्या तोंडात लिंबाच्या लोणच्याची चव आली. अगदी घरच्यासारखी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात, ते हेच. हुकमाचा पत्ता त्याच्या हातात येऊन पडला होता. आता वळावं, झडझडून बोलावं, दुकानाची किल्ली वाजवत वाजवत दाखवावी, असा त्याचा बेत झालाही. तो सगळाच्या सगळा वळला. आणि त्याला दिसलं की कोकिळा एका डोळ्याने अनुपमाकडे पाहते आहे, कारण दुसरा लाल होऊन पाण्याने भरला आहे. घरात आठवडाभर तो डोळा त्याच्या समोर होता. आपल्या मानेपायी त्याने तो पाहिलाच नव्हता. 

"आधी हिचा डोळा," तो अनुपमाला म्हणाला. "माही मान मंग. ते कुठी जात नाही."

डोळ्यांचे डॉक्टर त्याच गल्लीत होते. त्यांनी भिंग लावलं, थेंब टाकले आणि बुबुळाच्या कडेला रुतून गंजायला लागलेला कण सुईच्या टोकाने काढला. मग त्यांनी कण कसा गेला ते विचारलं, याआधीचे कोणी काढले ते विचारलं, आणि दोघांनाही उभं करून असं झापलं की बाहेरचे पेशंट आत डोकावले. जिभेने कण काढणं म्हणजे एका दुखण्यावर दुसरं आणून ठेवणं, अजून उशीर झाला असता तर नजर गेली असती, आणि यापुढे ठिणगीच्या आसपास जो कोणी दिसेल त्याच्या डोळ्यावर गॉगल पाहिजे. कोकिळाच्या डोळ्यावर पट्टी बांधली. बाहेर आल्यावर दोघं परत सेंटरकडे निघाली. रस्ता ओलांडताना शालिग्रामने तिचा हात धरला. तिला त्या बाजूचं दिसत नव्हतं आणि त्याला कुठल्याच बाजूला वळता येत नव्हतं, त्यामुळे दोघांचा मिळून एक धड माणूस होत होता.

आता मशीनमध्ये सोबत बसणार कोण? डोळ्यावर पट्टी बांधलेल्या कोकिळाला अनुपमा आत सोडेना. राहिला उत्तमराव. त्याच्या अंगावरून दांडी फिरवली तर चकार आवाज नाही. वांगेवाल्याच्या अंगावर लोखंड कुठलं? शालिग्रामने डोळे मिटून घेतले. तोंडावर एक पिंजरा आला, कानांत बोळे आले आणि तो बोगद्यात सरकला. पायाशी उत्तमराव स्टुलावर बसला आणि त्याने बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात मशीन सुरू झालं. ठकठक, घर्रर्र, पुन्हा ठकठक. उत्तमराव हातवारे करून करून बोलत होता आणि शालिग्रामला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. इतकं सुख त्याला या मेव्हण्याच्या सहवासात कधी मिळालं नव्हतं. तो तिथेच झोपला, आणि मशीन थांबल्यावर अनुपमाला त्याला हलवून उठवावं लागलं.

रिपोर्टात मणक्याची एक गादी थोडी सरकलेली निघाली. पट्टा, गोळ्या, व्यायाम आणि यापुढे एकट्याने फाटक उचलायचं नाही. हात शाबूत राहणार हे ऐकून शालिग्रामने डॉक्टरांना खुराडं फुकट बनवून द्यायची तयारी दाखवली. परतीच्या वाटेवर पिकअप घाट उतरायला लागली. शेवटी उत्तमरावाला राहवलं नाही.

"मंग उद्यापासून वावरात कोन येते? अटीनं पाह्यलं त दोघंबी याले पाह्यजे."

शालिग्राम समोर पाहत राहिला, त्याला दुसरीकडे पाहताच येत नव्हतं. कोकिळाने पट्टीवरून पदर ओढला.

"दादा," ती म्हणाली, "गाडी चालव तू."

दुकानाला कुलूप लागलं नाही. पत्र्याची फट शालिग्रामने पट्टी मारून कायमची बंद केली आणि पहिल्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा ठोकला. त्यावर दुसरा गॉगल. मारुतीच्या देवळात दोघं पुन्हा जाऊन आली. या वेळी हात जाळीतून आत घालून थेट मारुतीच्या पायाला लावला, म्हणजे शंकेला जागा नको. पंचफुलाबाई मात्र गाल फुगवून बसली. तिच्या गच्चीचा कठडा अर्धाच राहिला होता आणि लोणच्याची बरणी तळाला गेली होती.

मानेचा पट्टा निघाला त्या दिवशीची गोष्ट. शालिग्राम ग्राइंडरवर खिडकीची जाळी घासत होता, गॉगल लावून, इमानदारीत. दारात कोकिळा चहा घेऊन आली, डोळ्यावर गॉगल. तिने दारातूनच नवऱ्याकडे पाहिलं. काही दिसेना. मान इकडून केली, तिकडून केली. सगळं धुकं. नवऱ्याने गॉगल लावला आहे की नाही, काही म्हणता काही कळेना. तेव्हा तिने एका हाताने चहा सांभाळत दुसऱ्या हाताने आपला गॉगल कपाळावर सरकवला आणि नीट डोळे फाडून पाहायला लागली.

ग्राइंडर बंद झालं. शालिग्रामने मान वळवली. आता ती झकास वळत होती.

"कावं," तो म्हणाला, "वांगे तोडाले जाचं हाये काय?"

कोकिळाने झटक्यात गॉगल खाली ओढला आणि चाचपडत चाचपडत टेबलाकडे निघाली. कप टेबलाच्या कडेला ठेवला गेला, निम्मा चहा जाळीवर सांडला.

"दिसते काय काई?" शालिग्रामने विचारलं.

"काईच नाही."

"मंग बराबर लागला," तो म्हणाला आणि उरलेला अर्धा कप त्याने पिऊन टाकला.